सुमेची डावी बाजू

१४ ऑक्टोबर

नववा भाग माझ्या गळ्यात पडला. बारा भागांच्या ॲनिमेशन मालिकेत हाच एक कुणाला नको होता, कारण यात नागी फारशी नाही. नागी म्हणजे आमची नायिका. वय चौदा, डोंगरातल्या गावांना गरम हवेच्या फुग्यातून टपाल पोचवते. नववा भाग आहे सुमेचा. सुमे त्या फुग्यांचं कापड शिवते. आठ भाग ती मागे बसून सुई चालवते आणि फार तर "जपून जा" म्हणते.

"ओसानाईसान, असल्या म्हाताऱ्या बायका तुम्हाला छान जमतात," ताचिहारा म्हणाला. हा मालिकेचा मुख्य दिग्दर्शक, माझ्याहून पुष्कळ लहान. सुमे बेचाळीसची आहे, मी सेहेचाळीसचा. तरी भाग घेतला. मला दिग्दर्शनासाठी स्वतःचा भाग मिळून बरीच वर्षं झाली. मधल्या काळात इतरांचे भाग तपासून दिले. हा फसला तर पुढेही तेच करायचं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दुय्यम पात्राला एक भाग द्यायचा. त्यात त्याला अचानक गाव मिळतं, बहीण मिळते, आवडता पदार्थ मिळतो, ते एकदा मनापासून हसतं आणि भाग संपायच्या आत मरतं. बळीच्या बोकडाला आधी हार घालतात, तसला प्रकार. प्रेक्षकांनाही आता हे पाठ झालंय. सुमेही शेवटच्या तीन मिनिटांत कड्यावरून पडणार आहे. तिच्या मरणाने नागी मोठी होणार आहे.

संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ चित्रकार बाई निशिवाकीसानना सांगितलं. एका भागाची चित्रं पंधरा-वीस जण काढतात आणि प्रत्येकाची सुमे निराळी दिसते. मग निशिवाकीसान त्यांच्या चित्रावर पिवळा कागद ठेवतात, काचेखालचा दिवा लावतात आणि चेहरा नव्याने काढतात. पडद्यावर येते ती त्यांची सुमे. बाकीची पात्रं दोन तरुण मुलांकडे आहेत, पण सुमे दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असा त्यांचा हट्ट आहे, कारण कागदावर तिला पहिल्यांदा त्यांनीच काढलं. मलाही या धंद्यात त्यांनीच उभं केलं. पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून.

"मारणार का रे तिला?" त्यांनी विचारलं.

"स्क्रिप्टमध्ये मारलंय."

"म्हणजे जीव मी ओतायचा आणि घ्यायचा तू. चांगली वाटणी आहे."

२१ ऑक्टोबर

ताचिहाराशी भांडलो. तसं बरेच दिवसांत भांडलो नव्हतो, त्यामुळे सूर लागायला वेळ लागला.

"सुमेला मारू नका," मी म्हणालो.

"ती गेल्याशिवाय नागी मोठी कशी होणार?"

"कुणी मेल्याशिवाय माणूस मोठं होत नाही का? मी झालो की."

"झालात?" असं म्हणून तो इतकं गोड हसला, की कपातला चहा त्याच्या अंगावर ओतावासा वाटला.

शेवटी तडजोड झाली. ती तीन मिनिटं तिच्या मरणाशिवाय तोलून धरेल असं काही मी शोधलं, तर सुमे जगेल. नाही सापडलं तर कडा आहेच. माझ्याकडे काहीही नाही. घरी येऊन सुमेची जुनी चित्रं बघत बसलो. बाई चांगली आहे, पण तिच्यात काय आहे हे तिला काढणाऱ्यांनाही माहीत नाही.

२ नोव्हेंबर

सापडलं!

दुपारी निशिवाकीसानच्या टेबलाशी डबा खायला बसलो. आत येताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला थडकला. परवाही थडकला होता. "हे दार सरकवलंय कुणीतरी," त्या म्हणाल्या. डब्यातला अर्धा भात तसाच ठेवून त्यांनी झाकण लावलं. डावीकडे अंड्याची गुंडाळी होती, तिला हातही लावला नव्हता. "डाएट वगैरे चाललंय का?" मी विचारलं. म्हणाल्या, "संपवला की सगळा." गुंडाळी मी खाल्ली.

मग त्यांनी सुमेची नवी चाचणीचित्रं पुढे टाकली. सुमे मांडीवर कापड घेऊन शिवतेय. चित्राची उजवी बाजू नेहमीसारखीच, बोटाच्या पेरापर्यंत काढलेली. पण डावीकडे रेषा विरळ होत जाते आणि थांबते. कान नाही. खांदा नाही. बाही अर्ध्यावर सुटलेली, पुढे नुसता पिवळा कागद. एकाच चित्रात नाही, सगळ्यांत तसंच. चुलीवरच्या किटलीचीसुद्धा डावीकडची चोच नाही!

मी एकेक कागद पुन्हा चाळला.

"ही रिकामी जागा... निशिवाकीसान, हे तुम्हाला कसं सुचलं?"

"कुठली रिकामी जागा?"

"ही काय. डावीकडची."

त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "सगळं काढलंय की. तुला काय पाहिजे अजून?"

त्यांचं हे असंच असतं. स्वतःच्या कामाला कला म्हणण्यापेक्षा त्या एकदाच्या मरतील. मी कागद घेऊन पळालो आणि संध्याकाळपर्यंत सगळं लिहून काढलं. सुमेला बहीण होती. दोघी एकाच कापडावर शिवायच्या, सुमे उजवीकडून, बहीण डावीकडून. बहीण एका फुग्यातून गेली आणि परत आली नाही. तेव्हापासून सुमे डावीकडे बघत नाही. तिकडचं जग तिच्यासाठी पुसलं गेलंय. आणि शेवटच्या तीन मिनिटांत नागीचा फुगा हवेत असताना खाली दोर धरून उभी असलेली सुमे पहिल्यांदा मान वळवून डावीकडे बघते. बस्स. कडा नको, मरण नको.

आठ भाग झाले तरी बाई कोण हे कुणाला कळत नव्हतं. निशिवाकीसाननी अर्धं चित्र न काढता ते सांगून टाकलं.

९ नोव्हेंबर

ताचिहाराने स्टोरीबोर्ड, म्हणजे भागाचा शॉटवार चित्र-आराखडा, दोनदा वाचला. "ही डावी बाजू तुमची कल्पना?" मी म्हणालो, निशिवाकीसानची. तो म्हणाला, "मग सुमे जगू दे."

कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम रश्श्यातला मुळा आणि अंडी घेऊन आलो. निशिवाकीसान डोकं टेबलावर टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या डाव्या अंगाला बसलो आणि दोनदा हाक मारली. मग त्यांच्या नाकासमोर कप धरला, तेव्हा दचकल्या.

"अरे, कधी आलास?"

"वाचली तुमची सुमे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता निवांत डॉक्टरकडे जाते. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीये. सकाळी उठलं की डोकं असं ठणकतं, परवा उलटीही झाली. चष्मा बदलायला हवा बहुतेक."

गुरुवारी चित्रकारांना शॉट वाटायचे आहेत. सगळे कागद त्यांच्या हातून जायचे आहेत. मी म्हणालो, "वर्ष संपेपर्यंत कळ काढा. डोळे काय पळून जातायत?"

त्या हसल्या. "पळून गेले तर तुझ्या घरी शोधायला येईन." आणि तिथल्या तिथे फोन करून वेळ पुढे ढकलली. अशी माणसं या धंद्यात आता राहिली नाहीत.

२७ नोव्हेंबर

मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढायचं काम कोरियातल्या एका स्टुडिओकडे जातं. तिथून शंकांची चळत आली. शॉट ४१, कान नाही, विसरला आहे का? शॉट ४२, बाही अपुरी. शॉट ५०, किटलीला चोच नाही. माणसं प्रामाणिक आहेत, पण त्यांना रिकामं दिसलं की भरावंसं वाटतं. मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहिलं, "आहे तसंच". लिहिताना मजा येत होती, हे कबूल करतो.

शिवाय आपल्याकडच्या सगळ्यांसाठी एक पान काढून भिंतीवर लावलं. 'सुमे असेल त्या प्रत्येक शॉटमध्ये चित्राची डावी बाजू पूर्ण करू नये. संदर्भासाठी निशिवाकीसानच्या दुरुस्त्या पाहाव्यात.' निशिवाकीसान त्याच्यासमोरून दिवसातून दहादा जातात. एकदाही काही बोलल्या नाहीत. पान डाव्या भिंतीवर आहे.

शिमोदा कागद न्यायला आली. ही सगळ्या कामाची ने-आण बघते, दिवसभर व्हॅन चालवते आणि तिची जीभ तिच्या व्हॅनपेक्षा जोरात चालते.

"ओसानाईसान, निशिवाकीसान बऱ्या आहेत ना?"

"का?"

"काल जिन्यात मी त्यांना हाक मारली. अगदी शेजारून. ओ नाही दिली."

"कामात असल्या की त्या कुणालाच ओ देत नाहीत."

"कामात नव्हत्या हो. जिन्यात होत्या."

"तू शॉट मोज," मी म्हणालो. "माणसं नको मोजू."

ती निघून गेली. जरा जास्तच बोललो. उद्या तिला एखादं संत्रं वगैरे देईन.

१२ डिसेंबर

आज वाईट दिवस. आणि आजच कदाचित या कामातला सर्वांत चांगला दिवस. ठरवता येत नाही.

शेवटचा शॉट निशिवाकीसानकडून आला. हा तोच, ज्यात सुमे मान वळवून डावीकडे बघते. सगळा भाग या एका शॉटसाठी आहे. इथे डावी बाजू भरायची होती, कान, खांदा, बाही, मागची टेकडी, सगळं. आणि कागदावर पुन्हा तेच. रेषा नाकाच्या पलीकडे जातच नव्हती.

"हा एक शॉट तरी पूर्ण काढा ना," मी म्हणालो.

"पूर्ण आहे."

"निशिवाकीसान, थट्टा नको. आता ती बघते. आता सगळं दिसायला हवं."

"मग दिसतंय की."

माझा आवाज चढला. सगळा मजला ऐकत होता. त्यांनी कागद पुन्हा दिव्यावर ठेवला आणि होत्या त्याच उजव्या रेषा जोर देऊन गडद केल्या. एकदा, दोनदा. शेवटी पेन्सिलीचं टोक मोडलं. कागद माझ्याकडे ढकलून म्हणाल्या, "आता?"

उजवी बाजू काळीकुट्ट, डावी तशीच कोरी.

मी जागेवर येऊन बसलो. राग ओसरला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. त्या माझ्याशी वाद घालत नव्हत्या, सुमेच्या वतीने बोलत होत्या. बहीण गेलेली बाई एकदा मान वळवते म्हणून तिला सगळं दिसायला लागत नाही. ती बघते, आणि तिथे काहीच नसतं. तरी ती दोर सोडत नाही. माझा शेवट भाबडा होता, त्यांचा खरा आहे. मी हरलो आणि आनंदाने हरलो. परत जाऊन म्हणालो, "तुमचंच बरोबर."

त्यांनी तोपर्यंत दिवा बंद केला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "ओसानाई, खरं सांग हं. माझं काही राहतंय का?"

"काही म्हणजे?"

"चित्रात. तू म्हणतोस रिकामं, शिमोदापण मागे काहीतरी म्हणाली. मला दिसत नाही असं काही राहतंय का?"

एवढ्या मोठ्या बाईला माझ्याकडून शाबासकी हवी होती! मला भरून आलं. मी म्हणालो, "काहीही राहत नाही. उलट असं काम मी आजवर बघितलेलं नाही."

"मग ठीक," त्या म्हणाल्या.

कागदावर लाल पेन्सिलीने लिहिलं, आहे तसंच.

१९ डिसेंबर

रेकॉर्डिंग. चित्रं अजून अर्धीच रंगलेली, तशातच आवाज घ्यावे लागतात. सुमेचा आवाज एनोकिदोसानचा. शेवटच्या शॉटला त्यांनी विचारलं, "बहीण कुठे आहे असं मानू?" मी म्हणालो, "डावीकडे. पण तिकडे बघू नका." त्यांनी मान जराशी उजवीकडे वळवून माइकवर नुसतं "जपून जा" म्हटलं, आणि काचेच्या अलीकडे ताचिहारा नाक पुसायला लागला. आठ भाग तेच वाक्य, आज पहिल्यांदा ऐकू आलं.

हे निशिवाकीसानना सांगायला फोन केला. झोपल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरचं विचारायचं राहून गेलं.

५ जानेवारी

नववर्षाची कार्डं आली. निशिवाकीसान दरवर्षी, बारा प्राण्यांच्या चक्रातला त्या वर्षाचा जो प्राणी असेल, तो स्वतः काढून पाठवतात. यंदा ससा. त्याला एकच कान आहे, उजवीकडचा, आणि डावीकडे माझ्या नावाचं पहिलं अक्षरच नाही. सणासुदीलाही सुमेला सोडवत नाही त्यांना. कार्ड टेबलासमोर टाचणीने लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

त्या अकराव्या भागाच्या दुरुस्त्यांना बसल्यात. डॉक्टरची वेळ या खेपेला त्यांनी स्वतःच पुढे ढकलली, मी काही बोललो नव्हतो.

२ मार्च

नववा भाग दाखवला गेला.

संपल्यापासून लोक लिहितायत. 'आठ भाग ही बाई मला दिसलीच नव्हती.' 'डावीकडे कुणी नाही हे शेवटी कळलं आणि मी पहिल्यापासून परत बघितलं.' एकाने तर किटलीच्या चोचीवर पानभर लिहिलंय. ताचिहारा सगळ्यांसमोर माझ्यापुढे कमरेत वाकला. पुढच्या मालिकेत मला दोन भाग, असं म्हणाला. घरी येऊन एकट्याने थोडी प्यायलो. रडलोही थोडा, सांगायला हरकत नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी मला कुणीतरी विचारलं, हे तुम्ही केलंत?

निशिवाकीसान बघायला आल्या नाहीत. फोन उचलला नाही.

३ मार्च

निशिवाकीसानना काल दुपारी कुणाच्या तरी व्हॅनने उडवलं. चौकात त्या सायकलवरून सरळ पुढे गेल्या. व्हॅन डावीकडून येत होती. चालक पोलिसांना सारखं सांगत होता, हॉर्न वाजवला, बाईंनी मानही वळवली नाही.

मांडीचं हाड मोडलंय. जीव वाचला, असं शिमोदा म्हणाली. ती रात्रभर तिथेच होती. डोक्याला मार लागला असेल म्हणून डोक्याची तपासणी केली. मार नव्हता. दुसरंच काहीतरी निघालं.

५ मार्च

मेंदूत उजवीकडे गाठ आहे. मोठी.

निशिवाकीसानचा धाकटा भाऊ निइगाताहून आलाय. भाताची शेती करतो, माझ्याशी बोलताना उगाच ओशाळतो. आम्हा दोघांना डॉक्टरबाईंनी समजावलं. मेंदूच्या त्या भागाला इजा झाली की माणसाला डावी बाजू दिसत नाही, इतकंच नाही. दिसत नाही हेही कळत नाही. त्याच्यापुरती डावी बाजू नसतेच. ताटातलं अर्धंच जेवण तो संपवतो आणि सगळं संपवलं म्हणतो. दाराला थडकतो. तिकडून कुणी बोलावलं तर ओ देत नाही.

"अशा माणसाला स्वतःला कधीच कळत नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्या कुणाला तरी दिसावं लागतं."

भाऊ माझ्याकडे वळला. "तुम्ही रोज शेजारी असता ना हो? ताई फोनवर सारखं तुमचंच नाव घ्यायची."

मी हो म्हणालो.

हे कधीपासून सुरू झालं ते समजलं तर गाठ किती वेगाने वाढतेय याचा अंदाज येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मधल्या काळातलं हस्ताक्षर, एखादं चित्र, काही आहे का?

मी म्हणालो, आहे.

७ मार्च

शिमोदाने गोदामातून गठ्ठा काढून दिला. तिनेच व्हॅनने रुग्णालयापर्यंत सोडलं. उतरताना मी म्हणालो, "तू सांगितलं होतंस." ती म्हणाली, "मी एकदाच सांगितलं. नंतर मीपण ते पान वाचून गप्प बसले, म्हटलं आपल्याला कलेतलं काय कळतं."

डॉक्टरबाईंनी मोठ्या टेबलावर कागद ओळीने लावले. सप्टेंबरची सुमे, दोन्ही कान, दोन्ही खांदे. ऑक्टोबरची. मग चाचणीचित्रं. तिथे त्यांचं बोट थांबलं. "इथून." पुढे एकेक कागद बघत गेल्या. कान, खांदा, बाही. शेवटच्या शॉटपाशी जरा जास्त वेळ थांबल्या.

"तेव्हाच आणलं असतं तर?" भावाने विचारलं.

त्यांनी चाचणीचित्रं पुन्हा जवळ ओढली. मग म्हणाल्या, "लहान असती. बहुतेक पूर्ण काढता आली असती." आणि माझ्याकडे वळून, "इतकं उघड आहे. कुणी बघितलं नाही का हे?"

"सगळ्यांनी बघितलं," मी म्हणालो. "परवा टीव्हीवर दाखवलं."

भाऊ एक कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होता. "या कोपऱ्यात लाल अक्षरात काय लिहिलंय? सगळ्यांवर आहे. आहे तसंच. हे ताईने लिहिलंय?"

"नाही. मी."

त्याने कागद खाली ठेवला, बाकीच्या कागदांच्या ओळीत सरळ केला. शेतकरी माणूस, शिवी देईल असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुम्हालाही काय माहीत असणार," आणि बाहेर जाऊन बसला.

मला माहीत नव्हतं. पण मला दिसत होतं. चार महिने दिसत होतं, आणि त्या दिसण्यावर मी एक बहीण रचली, एक कहाणी रचली, नाव कमावलं. निशिवाकीसाननी मला सरळ विचारलं होतं. माझं काही राहतंय का. जगात मी एकटाच होतो ज्याला याचं उत्तर येत होतं.

१६ मार्च

काल शस्त्रक्रिया झाली. सगळी गाठ निघाली नाही. डॉक्टरबाई महिन्यांच्या भाषेत बोलल्या, वर्षाच्या नाही.

स्टुडिओत ताचिहाराने बाराव्या भागातले सुमेचे शॉट माझ्यासमोर ठेवले. दुसऱ्या मुलाने केलेत. डावी बाजू रिकामी, सुबक रिकामी, माझ्या पानाबरहुकूम. मी म्हणालो, "हे सगळे पूर्ण काढून घ्या."

"का? लोक त्याचीच वाट बघतायत. आणि ओसानाईसान, ही तर तुमचीच..."

मग मी त्याला खरं सांगितलं. सगळं. तो आपल्या बोटांकडे बघायला लागला. इतका लहान दिसला मला पहिल्यांदाच. मग म्हणाला, "पण रंगवून झालंय हो. शनिवारी द्यायचंय."

मी भांडलो नाही. सुमेसाठी भांडून माझं झालं होतं.

२४ मार्च

आज बोलत होत्या. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला, पण जीभ जाग्यावर. मी सवयीने त्यांच्या डाव्या अंगाच्या खुर्चीवर बसलो, तेव्हा परिचारिकेने खुणेनेच मला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला पाठवलं.

"आलास का? इथल्या पोरींनी तुझा भाग बघितला. रडल्या म्हणे. मला कुणी दाखवत नाही."

"दाखवतो नंतर."

"कागद आणलायस?"

आणला होता. पिवळा नाही, साधाच. पलंगावरच्या फळीवर ठेवला. त्यांनी पेन्सिल धरली आणि सुमे काढायला लागल्या. हात अजून तसाच आहे, एकदा ओढलेली रेषा पुन्हा ओढावी लागत नाही. कपाळ, नाक, उजवा डोळा, उजवा कान, मानेवरचे सुटे केस. मग थांबल्या. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "बरोबर आहे?"

"नाही," मी म्हणालो. "डावीकडचा कान राहिलाय. खांदा पण."

त्यांनी कागद जवळ ओढला, बघितला. "डॉक्टरीण पण हेच म्हणते. पण मला तर पूर्ण वाटतंय." मग माझ्याकडे बघितलं. "तेव्हाही असंच होतं? डिसेंबरात?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

रस्ताभर मी बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. "मला आवडलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"काढ."

मी कान काढला. माझे कान कधीच चांगले येत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. खांदा काढला, बाही काढली, मांडीवरच्या कापडाची राहिलेली कड काढली. दोनदा खोडलं. कागद परत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हातात धरला, उजव्या काठावरून बोट फिरवत नाकापर्यंत आणलं आणि तिथेच थांबल्या.

"काढलास?"

"काढला."

"कुठे?" त्यांनी विचारलं.